बारा बावन्न

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाल्यावर संस्थेला माझी आठवण आली. त्याआधी अगदीच आली नव्हती असं नाही. दर वर्षी एक शुभेच्छापत्र येत असे, त्यावर माझ्या नावाच्या जागी छापील 'प्रिय सहकारी' असे. या वेळी मात्र फोन आला. मला शोधायला किती दिवस लागले, हे फोनवरची मुलगी कौतुकानं सांगत होती. मी कुठे हरवलो नव्हतो. त्याच घरात, त्याच खुर्चीत बसून होतो.

काम असं होतं. एकतीस वर्षांपूर्वी आमचं एक यान एका लांबच्या ग्रहाजवळून गेलं. तिथे ते थांबणार नव्हतंच. सात वर्षं प्रवास करून त्यानं काही तास ग्रह पाहिला आणि पुढे गेलं ते गेलंच. आता त्याच ग्रहाकडे दुसरं यान पाठवायचं होतं, आणि त्याचा मार्ग आखणाऱ्यांना जुन्या भेटीचा मिनिटामिनिटाचा तक्ता हवा होता. कोणतं चित्र नेमकं केव्हा काढलं, तेव्हा ग्रहाचे चंद्र कुठे होते, सगळं. मूळ नोंदींच्या फिती कधीच खराब झाल्या होत्या. उरली होती चित्रं, आणि नियंत्रण कक्षात हातानं लिहिलेल्या रोजनिशीच्या झेरॉक्स प्रती. त्या खोलीत वेळेचं काम बघणारे आम्ही चौघं होतो. त्यातला जिवंत आणि शुद्धीवर असा मी एकटा उरलो होतो. 'शुद्धीवर' हा शब्द माझा. त्या मुलीनं तो सौजन्यानं गाळला.

मला तळघरातली एक खोली दिली. खिडकी नाही, एक लांब टेबल, सात खोकी, आणि पायाखाली अशी गार फरशी की बुटातून बोटं बधिर व्हावीत. फोनवरची तीच मुलगी रोज सकाळी येऊन बसे. तिचं काम चंद्रांच्या कक्षा मोजायचं, म्हणून मी मनात तिला कक्षावाली म्हणायला लागलो. ती मला सर म्हणे. दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं की घरी आठवडाभरात मी जेवढं बोलतो, त्याहून जास्त मी तिच्याशी एका सकाळी बोलतोय. मग मी उगाच सविस्तर बोलायला लागलो.

तिला मी सगळ्यात आधी दोन घड्याळांची गोष्ट समजावली. तिला ती माहीत होती, पण मी काही थांबलो नाही. ग्रह इतका लांब होता की यानाचा संदेश आमच्यापर्यंत पोचायला दोन तास छत्तीस मिनिटं लागत. म्हणजे आम्हाला पडद्यावर जे दिसे ते तिथे दोन तास छत्तीस मिनिटांपूर्वीच होऊन गेलेलं असे. म्हणून भिंतीवर दोन घड्याळं होती, एक खोलीच्या वेळेचं आणि एक यानाच्या वेळेचं. रोजनिशीचा नियम साधा होता. यानाची वेळ लाल शाईनं लिहायची, खोलीची निळ्या. कागदावर नजर टाकली की कुठली वेळ कुठली, हे लहान पोरालाही कळावं.

आणि झेरॉक्स काळी-पांढरी होती. मूळ वह्या जागा अडते म्हणून कोणी तरी रद्दीत घातल्या होत्या. लाल काळं, निळंही काळं. शिवाय पानांचे क्रमांक समासात होते आणि समास कापले गेले होते, म्हणजे त्रेसष्ट सुटी पानं, कुठलं आधी कुठलं मागून याचा पत्ता नाही. ज्यानं ही प्रत काढली त्याला मी पहिले तीन दिवस मनसोक्त शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी खोक्यावर त्याची सही सापडली. ती माझीच होती. कपाटं रिकामी करा असा वरून हुकूम आला होता, आणि मी एका दुपारी घाईघाईनं ते काम उरकलं होतं.

रोजनिशी लिहिणाऱ्याला आम्ही दौत म्हणत असू. खिशाला कायम शाईचे डाग, बोटं रंगलेली. माणूस हुशार, पण आळशी. एकदा हातात एक पेन घेतलं की ते बदलायचा त्याला भारी कंटाळा. लाल पेन हातात असताना खोलीतलं काही लिहायची वेळ आली, तर गडी पेन न बदलता मनातल्या मनात दोन तास छत्तीस मिनिटं वजा करून लिहून मोकळा. एका पानावर '१०:४०, चहा आला. थंड.' अशी नोंद होती. आमच्याकडे चहा सव्वा वाजता यायचा. दहा चाळीस अधिक दोन छत्तीस म्हणजे एक सोळा. दौतीनं चहासुद्धा यानाच्या वेळेनं प्यायला होता. कक्षावाली हे ऐकून इतकी हसली की मला बरं वाटलं.

मला तिथे काटा म्हणत. तेव्हा मी बारीक होतो आणि सदा घड्याळाच्या मागे असे. दुसऱ्या आठवड्यात, पाचव्या खोक्यात, ते पान निघालं. त्यावर तीनच ओळी होत्या.

१२:४९. सावलीचं चित्र दिसलं. सगळे उभे.
१२:५२. काट्याला घरून फोन. निरोप दिला. दहा मिनिटांत निघतो म्हणाला.
१२:५८. पुढचं चित्र. धूसर.

कक्षावाली समोरच होती. पाणी पिऊन येतो असं सांगून मी बाहेर गेलो आणि जिन्यात बसलो.

यान ग्रहाजवळून गेलं त्याच दिवशी माझी बायको गेली. दोन महिने ती आजारी होती. त्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले होते, आज काही होणार नाही, तुम्ही जाऊन या. मी गेलो. इस्पितळ तिथून गाडीनं चाळीस मिनिटांवर होतं. तिच्याजवळ तिची बहीण होती, आणि आमची मुलगी, नऊ वर्षांची. बायको चारला दहा कमी असताना गेली. मी चार वीसला पोचलो. संस्थेच्या फाटकावरच्या वहीत माझी बाहेर पडल्याची वेळ तीन चाळीस आहे.

एवढ्यावर कोणाचं दुमत नव्हतं. भांडण होतं ते निरोप केव्हा आला यावर. मुलीचं म्हणणं, दुपारी जेवणाच्या वेळेला मावशी फोन करून आली आणि म्हणाली, बाबा दहा मिनिटांत निघतायत. माझं म्हणणं, मला निरोप मिळाला तो साडेतीनच्या सुमाराला. खांद्यावर दौतीचा हात पडला, त्याच्या बोटांना लाल शाई होती, आणि दहाव्या मिनिटाला मी फाटकाबाहेर होतो. आधीचा फोन कोणी घेतला असेल, कोणी काय सांगितलं असेल, मला ठाऊक नाही. मेव्हणी तर माझ्याशी बोलायचीच बंद झाली, आणि तशीच गेली. मुलगी सोळा वर्षांची असताना तिनं मला समोर बसवून सरळ विचारलं. मी हेच सांगितलं. ती ताटावरून उठून गेली आणि त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

आता ती दुसऱ्या गावात दातांची डॉक्टर आहे. दर रविवारी अकरा वाजता तिचा फोन येतो. जेवण, औषध, हवा. चार मिनिटं, कधी साडेचार. मी ती मोजतो, हे तिला माहीत नाही. मी मात्र एकतीस वर्षं एकाच गोष्टीची वाट पाहत होतो, की कधी तरी तिनं म्हणावं, बाबा, तुम्ही खरं सांगत होता.

जिन्यातून परत आलो आणि पान पुढे घेतलं. बारा बावन्न ही खोलीची वेळ असेल, तर मी निरोप ऐकून पावणेतीन तास बसून राहिलो. यानाची असेल, तर खोलीत तेव्हा तीन अठ्ठावीस झाले होते, आणि मी बाराव्या मिनिटाला निघालो. दहा मिनिटं म्हणालो आणि बाराव्याला निघालो; एवढं तर कोणाचंही होतं. लाल बोटं मला आठवत होती. दौतीची सवय मला माहीत होती. चहाचं पान पुराव्याला होतं. मी ते पान दुपारी तीनच्या गठ्ठ्यात ठेवलं आणि तक्त्यात नोंद केली: यानाची वेळ. माझा जीव भांड्यात पडला.

रविवारपर्यंत थांबायला हवं होतं. मी त्याच संध्याकाळी फोन केला. एरवी मी तिला कधी फोन करत नाही, त्यामुळे तिनं आधी विचारलं ते, पडलात का कुठे. मी म्हणालो, पडलो नाही, लेखी पुरावा सापडलाय. मग सगळं सांगितलं, शाई, चहा, तीन अठ्ठावीस. माझा आवाज चढला होता, हे मलाच ऐकू येत होतं. ती म्हणाली, "मग माझंच चुकलं असेल. त्या दिवशी वेळेचा घोळ मीच घातला होता."

ती कसला घोळ म्हणतेय ते मी विचारलं नाही. नऊ वर्षांची पोर, घाबरलेली, तिला काय वेळ कळणार, असं मी धरून चाललो. ती म्हणाली की शनिवारी दवाखाना बंद ठेवते आणि येते. एकटीच येते. तिचा आवाज ओला होता. त्या फोनला एकोणीस मिनिटं झाली.

पुढचे दोन दिवस मी काय वेड्यासारखा वागलो, त्याची मला आजही लाज वाटते. घर घासून पुसून काढलं. खिडक्यांच्या काचा धुतल्या. घरात कप एकच धड होता, म्हणून चार नवे आणले. दोघांना चार कप कशाला, हे दुकानातून बाहेर पडल्यावर सुचलं. कामावर मी शीळ घालत होतो. कक्षावाली म्हणाली, सर आज खुशीत आहेत. मी म्हणालो, मुलगी येतेय. मुलगी आहे हे मी तिला तोवर सांगितलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी कक्षावाली माझ्या आधी येऊन बसली होती. पडद्यावर सावलीचं चित्र होतं. त्या दिवशी काढलेल्या सगळ्या चित्रांत ते एकच असं आहे, फिकट ग्रह आणि त्यावर एका चंद्राच्या सावलीचा काळा ठिपका, भाकरी भाजताना एका जागी करपावी तसा. मी बसायच्या आत ती म्हणाली, "सर, हे पान मागे घ्यावं लागेल."

तिनं काही वेगळं केलं नव्हतं, आपलं नेहमीचं काम केलं होतं. तो चंद्र त्या दिवशी कोणत्या तासाला कुठे होता, हे आता चांगलं माहीत आहे. आम्हाला हवे होते ते सेकंद. तासांबद्दल वाद नव्हताच. यानाच्या वेळेनं बारा एकोणपन्नासला ती सावली ग्रहावर नव्हतीच. तासाभरापूर्वीच ती सरकून बाहेर गेली होती. चित्रात ती जिथे दिसते तिथे ती बरोबर एका वेळी होती. दहा तेरा, ती म्हणाली. पुढची बेरीज तिनं करायच्या आत माझी झाली होती. दहा तेरा अधिक दोन छत्तीस. बारा एकोणपन्नास, खोलीच्या वेळेनं. मिनिटाचा फरक नाही.

पान निळ्या शाईचं होतं. तिन्ही ओळी निळ्या. दौतीनं त्या दिवशी, आयुष्यात एकदा, नियम पाळला होता.

ती पुढे म्हणाली, तशी फोनची ओळ आहेच ना मध्ये. फोन खोलीतच येणार. मी आधी पाहिलं असतं तर निळंच धरलं असतं. ती हे सहज म्हणाली, मला लागावं म्हणून नाही. मी मान डोलावली. हीच पडताळणी मी पेन्सिलीनं अर्ध्या तासात करू शकलो असतो. बत्तीस वर्षं मी तेच काम केलं. दुसऱ्या कोणी हे पान माझ्यापुढे असं ठेवलं असतं, तर मी त्याला म्हणालो असतो, आधी सावली बघ. त्या एकाच पानावर मी सावली बघितली नाही.

तक्ता दुरुस्त केला. आकडे दोनदा गिरवले.

मग आठवायचा प्रयत्न केला. त्या तासांतली चित्रं मला सगळी आठवतात. धूसर आलेलं, अर्धंच आलेलं, कड्यांचं, दक्षिणेकडच्या ढगांचं. कोण माझ्या डावीकडे होतं, कोण टाळ्या वाजवत होतं, कोण रडत होतं. बारा बावन्नला कोणी माझ्याजवळ येऊन बायकोचा निरोप सांगितला आणि मी दहा मिनिटं म्हणालो, हे काही केल्या आठवत नाही. साडेतीनला खांद्यावर हात पडला तो बहुधा 'तू अजून इथेच?' असं विचारायला. दौतीच्या बोटांना कायम दोन्ही शाया असत. मला लालच आठवली. मी जाणूनबुजून खोटं बोललो असतो, तर एक वेळ मला माझी कीव आली नसती.

शुक्रवारभर मी स्वतःला समजावत होतो की सांगायची काही गरज नाही. संस्थेचा अहवाल माझी मुलगी कशाला वाचतेय. कक्षावालीला त्या फोनचा अर्थ माहीत नाही. दौत गेला, मेव्हणी गेली. मुलीच्या मनात आता एक वेळ पक्की झालीय, तीन अठ्ठावीस, आणि त्या वेळेबरोबर तिचा बाप तिला परत मिळालाय. ती वेळ काढून घ्यायची म्हणजे एकोणीस मिनिटांवरून परत चारवर यायचं, कदाचित चारही नाहीत. मला भीती वाटत होती. म्हातारपणी माणसाला एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला झालेली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक कोरा कागद घेतला आणि त्या दिवसाचा तक्ता नव्यानं आखला. एक रकाना यानाचा, एक खोलीचा. मग न ठरवता तिसरा आखला, इस्पितळाचा. त्यात मला दोनच नोंदी करता आल्या. १२:५५, मावशीनं फोन ठेवला. १५:५०. मधे काही नाही. एका परक्या ग्रहाच्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब देणाऱ्या माणसाला बायकोच्या त्या तीन तासांत काय झालं ते माहीत नव्हतं. मी ते कोणाला विचारलंच नव्हतं.

शनिवारी ती साडेअकराच्या गाडीनं आली. केस पांढरे व्हायला लागलेत, हे मला नव्यानंच दिसलं. हातात पिशवी होती. आत आल्या आल्या तिनं त्यातून लोकरीचे मोजे काढून माझ्यापुढे ठेवले. तळघरातली फरशी गार आहे असं मी कधी तरी फोनवर बोललो असेन. मला वाटायचं, ती ऐकत नसते.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, मला तुमची माफी मागायचीय."

मी म्हणालो, "थांब. आधी माझं ऐक. तो फोन बारा बावन्नलाच आला होता."

मग मी तिला सावलीचं सांगितलं. चित्र दाखवलं, पान दाखवलं. मी शास्त्रीय तपशिलात जातोय हे कळत होतं, पण थांबता येत नव्हतं. शेवटी सांगण्यासारखं काही उरलं नाही. ती रुग्णाच्या दाताकडे बघत असेल तशी त्या पानाकडे बघत होती.

"दहा मिनिटं म्हणालात?"

"असं लिहिलंय."

"आठवत नाही?"

"नाही. चित्रं आठवतात."

ती हसली, पण ते हसणं मला सहन झालं नाही. उठून खिडकीपाशी गेली. तिची परतीची गाडी पाचची होती, त्याआधी एक तीनची होती. मला वाटलं, आता ती तीनची बघणार. मी पेले उचलायला लागलो, मग परत ठेवले. बराच वेळ ती बाहेर बघत उभी होती. तीनची गाडी गेली असेल तेव्हा ती वळली आणि टेबलाशी येऊन बसली. तिथे मी आखलेला कागद होता. तिसऱ्या रकान्यातल्या रिकाम्या जागेवर तिनं बोट ठेवलं. "हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही कधी विचारलंत नाही."

मी सवयीनं पेन उचललं.

"लिहू नका, बाबा. नुसतं ऐका."

मी पेन खाली ठेवलं.

तिच्या आईच्या खोलीत घड्याळ होतं ते पलंगाच्या मागच्या भिंतीवर. आईला मान वळवता येत नव्हती, त्यामुळे ते तिला दिसत नसे. मुलगी समोर स्टुलावर बसलेली, तिला दिसे. मावशी फोन करून आली आणि म्हणाली, दहा मिनिटांत निघतायत. आई म्हणाली, म्हणजे पावणेदोनपर्यंत येतील. मग ती दर थोड्या वेळानं विचारायला लागली, किती वाजले. एक वाजता मुलीनं खरं सांगितलं. दीड वाजताही ती खरंच सांगणार होती, पण तिच्या मनात आलं, पावणेदोन झाले आणि बाबा आले नाहीत तर आईला काय वाटेल. म्हणून ती म्हणाली, एक वाजून पाच मिनिटं. दोन वाजता म्हणाली, एक दहा. अडीचला म्हणाली, एक पंधरा. मावशीनं ऐकलं आणि तिच्याकडे नुसतं पाहिलं. आई सात वेळा विचारत राहिली. शेवटचं साडेतीनला. मुलीनं सांगितलं, अजून दीड वाजायचाय. आई म्हणाली, मग येतीलच आता, आणि तिनं डोळे मिटले.

हे सगळं सांगताना माझी मुलगी रडली नाही. ती म्हणाली की मी तेव्हा तुमच्यासाठी आईशी खोटं बोलले, आणि तो राग मी आजवर तुमच्यावर काढला. सोमवारी तुमचा फोन आला तेव्हा वाटलं, आपण त्या दिवशी घड्याळ एवढं मागे खेचलं की आपल्याच डोक्यात वेळ उलटीपालटी झाली असणार. बाबा वेळेवर निघाले होते, मीच उगाच खोटं बोलले. चार दिवस मला ते बरं वाटत होतं.

माझ्या डोक्यात बेरीज झाली. मी ती केली नाही. आयुष्यभराची खोड आहे, आपोआप होते. बारा बावन्न, त्यात दहा मिनिटं, त्यात रस्त्याची चाळीस. एक बेचाळीस. आणि माझ्या बायकोचं घड्याळ थांबलं तेव्हा तिच्या लेखी दीडसुद्धा वाजला नव्हता. तिच्या वेळेनं मला अजून उशीर झालाच नव्हता.

हे मी मुलीला बोलून दाखवलं की नाही ते मला सांगता येत नाही. मी रडत होतो. बहुधा दाखवलं असेल, कारण तिनं टेबलावरून हात पुढे करून माझं मनगट धरलं, नाडी बघतात तसं, आणि थोडा वेळ धरून ठेवलं.

मग तिनं विचारलं, "किती वाजले?"

घड्याळ तिच्या पाठीमागच्या भिंतीवर होतं. स्टँड घरापासून दहा मिनिटांवर आहे. चार चाळीस झाले होते. मी चार म्हणालो असतो तर ती अजून बसली असती. पाचची गाडी चुकली असती, मग रात्री तिला राहावंच लागलं असतं, आणि सकाळी चारातले दोन कप वापरले गेले असते. एवढं सगळं माझ्या मनात येऊन गेलं.

"चार चाळीस," मी म्हणालो.

ती उठली, पिशवी घेतली. दारात बूट घालताना म्हणाली, उद्या रविवार, करते फोन. मग माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "मोजे घाला. खाली गारठा असतो."